नहरबागेतला चेहरा

सम्यकनं पुतळ्यावरचं कापड खाली ओढलं आणि हिवराळे घराण्यात कधी घडलं नव्हतं ते घडलं. चार माणसं एका जागी उभी होती, आणि कुणीच बोलेना.

रत्नमालानं आधी नवऱ्याकडं पाहिलं. राजेंद्रच्या तोंडावर सकाळपासून जे समारंभाचं हसू होतं ते तसंच होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस कुठंतरी निघून गेला होता. मग तिनं पुतळ्याकडं पाहिलं. सासरा तिला फार लाभला नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा शाहीर सर्जेराव हिवराळे खाटेला खिळलेले होते, आणि सम्यक पोटात असतानाच ते गेले. पण खोकून दमलेला तो लांबट, गाल बसलेला चेहरा तिच्या चांगला ध्यानात होता. हा तो नव्हता. रुंद जबड्याचा, भुवया चढवून तोंड भरून गाणारा हा माणूस तिनं लांबून पाहिला होता, लासूर स्टेशनच्या फलाटावर. तेव्हा राजेंद्रनं तिचा हात धरून तिला पलीकडच्या डब्याकडं वळवलं होतं.

“हा तर पुंजानाना हाय,” अभय म्हणाला. मोठ्या भावाकडं बघत त्यानं ते अशा सुरात म्हटलं, जणू घरात आग लागलीय पण बरं झालं, दादाच्या खोलीत लागलीय.

राजेंद्रनं हा पुतळा उभा राहावा म्हणून महापालिकेच्या किती पायऱ्या झिजवल्या होत्या ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, कारण तो रोज सांगत असे. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर त्यानं ‘शाहीर सर्जेराव हिवराळे प्रतिष्ठान’ काढलं. अध्यक्ष तो, सचिव रत्नमाला, सदस्य अभय, आणि अभय एकाही बैठकीला आलेला नव्हता, कारण बैठका राजेंद्रच्या जेवणाच्या टेबलावर होत. आपल्याला नगरसेवक व्हायचं नाही, हे राजेंद्र न विचारता इतक्या जणांना सांगे की वॉर्डात सगळे त्याला भावी नगरसेवकच समजत.

आणि पुतळा उभा राहायचा तर तो नहरबागेतच. दुसरी जागा कुणाला सुचलीही नसती. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेलं पाणी एके काळी जिथं हौदात पडायचं ती ही बाग. हौद कधीचाच कोरडा पडला, पण त्याच्यासमोरचा दगडी चबुतरा शाबूत राहिला. नवाबाच्या काळात तिथं म्हणे गाणारणी बसत. पुढं मुशायरे झाले, मेळे झाले, नाटकं झाली, आणि नामांतराच्या दिवसांत हिवराळ्यांचा जलसा झाला. चबुतऱ्यावरून टाकलेला शब्द हौदाच्या भिंतीला लागून पार वेशीपर्यंत जातो, माईक लागत नाही, असं जुनी माणसं सांगत. आता पालिकेनं तिथं फरशी बसवून ‘खुला कलामंच’ अशी पाटी लावली होती आणि सर्वांत आधी चार कर्णे बसवले होते. रविवारी कलाशाळेची पोरं येऊन कमानींची चित्रं काढत. बाकी दिवशी सकाळी हास्यक्लब.

“साब, कपडा डाल देऊं क्या?” माळी हळूच म्हणाला. “अभी हँसनेवाले आते.”

“थांबा जरा,” राजेंद्र म्हणाला. मग मुलाकडं वळला. आवाज त्यानं खाली ठेवला होता, आणि ते रत्नमालाला जास्त वाईट वाटलं. “सम्यक. हे काय केलंस तू?”

सम्यक हातात कापड धरून उभा होता. शिल्पकलेची पदवी घेतल्यापासूनचं हे त्याचं पहिलं मोठं काम. फर्दापूरला एका मित्राच्या शेडमध्ये त्यानं ते केलं होतं, कारण शहरात एवढी उंच शेड परवडत नव्हती. राजेंद्र दोनदा तिकडं जाऊनही आला होता, पण तेव्हा डोकं व्हायचं होतं. त्यानं डफ कुठल्या हातात आहे, बोट किती वर आहे आणि धोतराच्या निऱ्या किती आहेत ते तपासलं. तोंडाची काळजी त्याला नव्हती. तोंड तर वडलांचं, अण्णांचंच असणार.

“पप्पा, फोटो एकच आहे आपल्याकडं,” सम्यक म्हणाला. “जलशाचा. त्यात आजोबांचं तोंड डफाच्या मागं गेलंय.”

“मग विचारायचं होतंस! मी काय मेलो होतो?”

“विचारलं की. तुम्ही म्हणालात, कपाळ मोठं होतं, नेतृत्वाचं कपाळ. काका म्हणाले, नाक धारदार होतं. आत्या म्हणाली, डोळे पाणीदार.” सम्यकनं एकदा वडिलांच्या कपाळाकडं, एकदा काकाच्या नाकाकडं पाहिलं. “तुम्ही सगळे आपापलं सांगत होता. मी तसं करून बघितलं मातीत. कुणाचंच झालं नाही ते. गणपतीच्या मांडवातला राक्षस दिसायला लागला.”

रत्नमालाला हसू आलं. तिनं ते पदरात खोकलून टाकलं.

“म्हणून मी लासूरला गेलो,” सम्यक म्हणाला. “आजोबांचा सख्खा भाऊ आहे, हाडं तीच असणार. बाबांना समोर बसवलं. म्हटलं, गा. ते गायला लागले, आणि…” त्यानं खांदे उडवले. “मग मला दुसरं तोंड करताच येईना.”

बाबा! राजेंद्रला तो शब्द गालावर बसल्यासारखा झाला. ज्या माणसाचं नाव घरात निघालं की ताट सरकवलं जाई, त्या माणसाला आपला पोरगा बाबा म्हणत होता. गोष्ट तशी एवढीच होती. फार वर्षांपूर्वीच्या एका निवडणुकीत पुंजाराम हिवराळे सत्ताधाऱ्यांच्या जीपवर चढून गायला होता. ज्या गळ्यानं चळवळ गायली त्याच गळ्यानं त्यानं उमेदवाराचं नाव गायलं. सर्जेरावांनी भर बाजारात डफ खाली ठेवला आणि सांगितलं, माझा भाऊ वारला. तेव्हापासून लासूरचं ते घर यांच्यासाठी बंद. सर्जेराव गेले तेव्हा पुंजाराम आला नाही, आणि आला असता तर कुणी त्याला खांदा देऊ दिला नसता. दोन्ही बाजूंना सोयीचं असं ते भांडण होतं.

“उतरवा,” राजेंद्र म्हणाला. “कापड टाका, क्रेन बोलवा. मी सांगतो पाहुण्यांना, तांत्रिक कारणानं कार्यक्रम पुढं ढकललाय.”

आतापर्यंत अभयची मजा चालली होती. पुतळ्याखालच्या पाटीवर ‘अध्यक्ष राजेंद्र सर्जेराव हिवराळे’ एवढंच नाव आलं, म्हणून तो महिनाभर भावाशी धड बोललेला नव्हता. पण कार्यक्रम पुढं ढकलायचं ऐकताच त्याचा रंग बदलला.

“असं कसं, दादा? माझे मॅनेजर येणार हायत शेंद्र्याहून. अख्खी शिफ्ट येणारंय. मी सांगून बसलोय, माझ्या वडलांचा पुतळा म्हणून.”

“वडलांचा हाय का तो?”

“नसंना. त्यांनी कुठं बघितलेत अण्णा?”

राजेंद्र थांबला. रत्नमाला बत्तीस वर्षं या भावांना बघत आली होती. ज्या क्षणी दोघांना एकाच गोष्टीत तोटा दिसतो त्या क्षणी ते रामलक्ष्मण होतात, हे तिला ठाऊक होतं. तसंच झालं. दोघं पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले आणि दोघांनी मिळून सम्यकला धरलं. अक्कल नाही, इतिहास माहीत नाही, घराण्याची अब्रू चौकात मांडलीस. सम्यक मान खाली घालून ऐकत राहिला. माळ्यानं कुणालाही न विचारता कापड वर चढवलं, कारण हास्यक्लबची मंडळी हौदाजवळ येऊन हात वर करू लागली होती.

“हार मोठा आणा,” रत्नमाला म्हणाली.

दोघं भाऊ वळले.

“कापड काढायच्या आधीच हार घालून ठेवा. हनुवटीच्या वर येईल असा, जाड झेंडूचा. वर फेटा आहेच. राहतात ते डोळे न भुवया. तेवढ्यावरून कुणाला काय कळतंय?” शाळेत तीस वर्षं नाटकं बसवलेल्या बाईच्या सुरात तिनं सांगितलं. “समारंभ झाला की पुढचं पुढं.”

पोराला वाचवायला तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. पण दोघा भावांना ते इतकं पटलं की अभय हार सांगायला लगेच फोन काढून बाजूला गेला. गेली कित्येक वर्षं रत्नमालाचं इतक्या लवकर कुणी काही ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते हे.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सुलेखा उतरली आणि पाठोपाठ तिनं आई मनकर्णाबाईला हात देऊन उतरवलं. सुलेखा राजेंद्र-अभयची बहीण. ती लासूरलाच दिलेली होती आणि कालच आईला समारंभासाठी तयार करायला आली होती. मनकर्णाबाईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. पायानं ती अधू झाली होती, पण डोळे असे की अजून सुईत दोरा ओवे, आणि नेमकी तीच आता अडचण होती.

“आईला दाखवू नका,” राजेंद्र कुजबुजला.

“मला बघायला बोलावलं न दाखवू नका?” मनकर्णाबाई म्हणाली. कानही शाबूत होते. “सम्यक, काढ रं ते फडकं.”

सम्यकनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि कापड काढलं.

मनकर्णाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिली. हौदाकडून हास्यक्लबचा सामुदायिक हा-हा-हा ऐकू येत होता. मग ती सुलेखाकडं वळली.

“पुंजा कवा मेला?”

“मेले नाय, आई,” सुलेखा म्हणाली. “हायेत.”

“मग पुतळा कसा?”

राजेंद्रनं घसा साफ केला आणि हाडांचं साम्य, कलावंताचं स्वातंत्र्य असं काहीबाही बोलायला घेतलं. अर्ध्या तासापूर्वी हेच सम्यक बोलला तेव्हा त्यानं क्रेन बोलवायला सांगितलं होतं. मनकर्णाबाईनं ते ऐकलंच नाही.

“झाका त्याला,” ती म्हणाली. “न मला सावलीत न्या.”

झालं एवढंच. ती रागावली की हसली, रत्नमालाला काही कळलं नाही. राजेंद्रला मात्र तेवढ्यात दुसरंच सुचलं होतं.

“सुले, तुला माहीत होतं हे? पोरगं लासूरला येत होतं, तुझ्या घरावरून जात होतं.”

“जात कशाला असंल? माझ्याकडंच जेवायचं.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“काय बोलू? नाना बी माझ्याकडंच जेवत्यात. काकू गेल्यापासून.” सुलेखानं पदर खोचला. “तुमी दोघांनी विचारलं का कधी, लासूरला कोण जगलं, कोण वाचलं?”

आता भाऊ तिच्यावर घसरले. अण्णांचा शब्द तोडलास, घर फोडलंस, आम्हाला अंधारात ठेवलंस.

“बरं, ते असू दे,” राजेंद्र शेवटी म्हणाला. “संध्याकाळी त्यांना आणू नको म्हणजे झालं. हात जोडतो.”

“मी नाय आणत,” सुलेखा म्हणाली. “ते मगाशीच पॅसेंजरमधी बसलेत.”

*

संध्याकाळी नहरबाग गच्च भरली. झाडांना दिवे गुंडाळले होते. अभयची शिफ्ट कंपनीच्या बसमधून आली होती, मॅनेजर पहिल्या रांगेत होता आणि अभय त्याच्या मागं इतका वाकून बसला होता की खुर्चीची पाठ त्याला नकोच होती. लासूरहून येणारी सगळी माणसं राजेंद्रनं फाटकावर स्वतः उभं राहून न्याहाळली. पण पुंजाराम हिवराळे फाटकानं आलाच नाही. या बागेत तो फाटक नव्हतं तेव्हापासून येत होता. हौदाच्या मागच्या पडक्या कमानीतून तो आत आला आणि कठड्यावर बसून राहिला. रत्नमालानं त्याला पाहिलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सचिव म्हणून तिनं घेतलेला हा पहिला स्वतंत्र निर्णय.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि आल्या आल्या त्यांनी लवकर जायचं असल्याचं सांगितलं. चबुतऱ्यावर दोरी त्यांच्या हातात दिली गेली. त्यांनी ती जोरात ओढली. कापडाबरोबर झेंडूचा तो जाडजूड हारही खाली आला आणि त्यांच्याच पायाशी पडला.

पुंजाराम हिवराळेचं तोंड दिव्यांच्या उजेडात मोकळं झालं. टाळ्या पडल्या. राजेंद्र टाळ्या वाजवत होता, पण डोळे मिटून.

“अप्रतिम!” पाहुणे माईकवर म्हणाले. “शाहिरांना मी लहानपणी याच बागेत ऐकलंय. तोच आवेश! तेच तोंड!” आणि खरं सांगायचं तर ते खरंच बोलत होते. मग समोर पाहता पाहता त्यांची नजर हौदाच्या कठड्यावर गेली आणि तिथंच अडली. पुतळ्याकडं, पुन्हा कठड्याकडं. त्यांनी दोन्ही हात जोडले. “अरे! आमचं केवढं भाग्य! खुद्द शाहीर सर्जेराव आपल्यात आहेत! आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! बाबा, वर या. शाहिरांना वर आणा!”

अख्खी बाग उभी राहिली. चार तरुण पुंजारामच्या दोन्ही बगलेत हात घालून त्याला आणायला धावले.

माईक राजेंद्रच्या हातात होता. रत्नमाला त्याच्याकडं बघत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. साहेब, आमचे वडील वारलेत, हे आमचे चुलते. तेवढं बोललं की पुतळ्याचा घोटाळा जगजाहीर. नाही बोललं तर वैऱ्याच्या गळ्यात बापाच्या नावाची शाल. राजेंद्रनं माईक तोंडाशी नेला. ओठ हलले. मग त्यानं माईक थोडा खाली घेतला आणि तिथंच ठेवला. शाल पुंजारामच्या खांद्यावर पडली. पाहुण्यांनी त्याच्या पायाला हात लावला. फोटोवाले ओरडले, इकडं बघा, शाहीर सर्जेराव, इकडं!

पुंजाराम इकडं बघेना. तो पुतळ्याकडं बघत होता. अगदी जवळ जाऊन त्यानं मान तिरकी केली.

“दात लई दिलेस रं पोरा,” तो सम्यकला म्हणाला. “एवढे नव्हते मला.”

पुढचे लोक हसले. पाहुण्यांना वाटलं, विनोद. त्यांनी चबुतऱ्यावरचा दुसरा माईक त्याच्यापुढं सरकवला. दोन शब्द बोला, शाहीर.

“बोलतो,” पुंजाराम म्हणाला. “मी सर्जेराव नाय. मी त्याचा धाकटा, पुंजाराम. सर्जेराव वारला.”

पाहुण्यांचा हात माईकच्या दांड्यावरच राहिला.

“सर्जेराव लिवायचा न मी म्हणायचो. त्याला घसा नव्हता न मला अक्षर नव्हतं. पण जलसा त्याच्या नावाचा, म्हणून लोक म्हणायचे, काय गळा हाय सर्जेरावाचा! मी ऐकून घ्यायचो. नंतर एकदा मला वाटलं, आपलं बी नाव व्हावं, म्हणून गेलो एका जीपवर. तिथं उमेदवाराचंच नाव झालं.” थोडं हसू आलं लोकांत. त्यानं पुतळ्याच्या पायावरच्या पाटीवर हात ठेवला. “आता ह्या पोरानं तोंड माझं लावलं न नाव त्याचं. म्हंजी बरोबरच केलं. असंच होतं ते.”

रत्नमालानं सम्यककडं पाहिलं. सकाळपासून खाली गेलेली त्याची मान वर आली होती. अभयच्या मॅनेजरनं मागं वळून अभयला काहीतरी विचारलं आणि अभय जोरजोरात मान हलवून सांगू लागला, हो सर, आमचे सख्खे चुलते, सर.

पुंजारामनं माईक बाजूला सारला. कर्ण्यांतून एक किंचाळी निघाली आणि बंद झाली. त्यानं कानावर हात ठेवला.

*डोंगर फोडून नहर आली, तिनं पुसली का कुणाची जात?*
*तहान ज्याची, पाणी त्याचं, ऊठ गड्या, बुडव हात!*

आवाज फाटका होता. पण तो चबुतऱ्यावरून निघाला, हौदाच्या भिंतीला लागला आणि तिथून परत आला, तेव्हा मागच्या रांगेतली माणसंही वळून बघू लागली, की दुसरं कोण गातंय. ओळ संपली. इथं मागच्या झीलकऱ्यांनी सूर उचलायचा असतो. झीलकरी कुणी उरलेले नव्हते. ओळीनंतरची ती जागा रिकामी राहिली, आणि पुंजाराम कानावर हात ठेवून तसाच उभा राहिला, कुणी येईल म्हणून.

“जी रं जी जी,” चारही कर्ण्यांतून आलं.

राजेंद्र दचकला, कारण आवाज त्याचाच होता. लहानपणी जलशात तो नि अभय बापाच्या मागं उभे राहून हेच करत. माईक त्याच्या हातात होता आणि तो बंद करायचा राहून गेला होता. मान खाली घालून तो पुन्हा म्हणाला, “जी जी,” आणि या वेळी खुर्चीतून उठून अभयनंही सूर दिला. तो खालच्या सुरात, बेसूर. मॅनेजर टाळी वाजवू लागला.

पुंजारामच्या अंगात आलं. दुसरी ओळ त्यानं एकदम वर नेली, तरुणपणी जिथून न्यायचा तिथून. अर्ध्यावर त्याला ठसका लागला. शाल हलली, हात पुतळ्याच्या पायाचा आधार शोधू लागला.

पहिल्या रांगेत मनकर्णाबाईनं काठी फरशीवर आपटली. त्या जीपच्या दिवसापासून ती या दिराशी एक शब्द बोलली नव्हती.

“पट्टी उतरवा, भावजी,” ती म्हणाली. “अजून सगळं म्हणायचंय.”

पुंजारामनं वहिनीकडं पाहिलं. घोटभर पाणी घेतलं, आणि पट्टी उतरवून पहिल्यापासून सुरू केलं.